सेनापतीचा जबडा

सेनापती कुणापुढे मान वाकवत नाही. सिनेमात त्यानं तीन राज्यं बुडवली, एका सख्ख्या भावाला बुरुजावरून ढकललं, पण मान ताठ ती ताठच. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मात्र हा सेनापती स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून ओणवा उभा होता, आणि त्याची वहिनी त्याच्या कानामागून चमच्यानं तेल सोडत होती.

"ओढू नका हो वहिनी, कान हातात येतील."

"कान कुठे जात नाहीत. काठाचा रंग जाईल. हलू नका, भाऊजी."

"जबडा अडकलाय. माझा. म्हणजे, त्याचा."

"दोघांचा," ती म्हणाली, आणि दोन्ही अंगठे आत सरकवून तिनं एक हिसका दिला. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. हेल्मेट तिच्या हातात आलं आणि भाऊजी फ्रीजला टेकून खाली बसले. तिनं आधी काठ पाहिला, मग भाऊजींचे कान. दोन्ही शाबूत होते, कान जरा जास्त लाल.

सेनापतींची वेशभूषा स्पर्धा पुढच्या रविवारी होती.

भाऊजी त्या सिनेमाच्या चाहता मंडळाचे अध्यक्ष. दिवसभर लोकांकडून विम्याचे अर्ज भरून घेणारा हा सहा फुटी माणूस संध्याकाळी आरशासमोर उभा राहून राज्यं बुडवायचा सराव करी. मंडळात 'हेल्मेट' या शब्दाला बंदी होती. हेल्मेट दुचाकीवाले घालतात. सेनापती शिरस्त्राण घालतो. हनुवटीखालपर्यंत येणारं, डोळ्यांत लाल दिवे असलेलं. अडीच महिन्यांपूर्वी ते वहिनीकडे आले होते, "तुमच्याकडे प्लास्टर असतंच ना," असं म्हणत. शेजारणीनं वाटीभर साखर मागावी तसं.

"तुमच्यासाठी म्हणून करते हं," ती म्हणाली होती. ते खरं नव्हतं.

बावीस वर्षं ती एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवत होती. या कामातलं दुःख असं, की ते चांगलं झालं तर दिसत नाही. एखाद्या समारंभात कुणी आजी खदखदून हसल्या, की लोक म्हणत, काय मोकळा स्वभाव आहे. तो स्वभाव खालच्या कवळीच्या पकडीवर उभा आहे, हे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हिलाच माहीत. तिच्या कामाकडे आजवर ज्यांनी ज्यांनी बोट दाखवलं, ते सगळे तक्रार घेऊन आलेले होते. आपल्या हातची एक तरी वस्तू लोकांनी थांबून, टक लावून पाहावी, एवढंच तिला हवं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. नवरा बदलीच्या गावी असायचा. त्याला फोनवर सांगितलं असतं तर तो "बरं" म्हणाला असता.

मापाच्या दिवशी भाऊजी चार मिनिटं बसले. पाचव्या मिनिटाला त्यांचं नाक खाजलं, सहाव्या मिनिटाला त्यांना कुणाला तरी फोन करायचं आठवलं. म्हणून मग नानांना बसवलं. नाना म्हणजे तिचे सासरे, वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. दुकानदारांच्या तराजूचा काटा थांबायची एकतीस वर्षं वाट पाहिल्यामुळे त्यांना न हलता बसायची सवय होती. शिवाय डोक्यावर केस नव्हते, म्हणजे प्लास्टरच्या पट्ट्या काढताना बोंब नाही. डोक्याचा घेर बापलेकांचा सारखाच भरला, एका सुताचाही फरक नव्हता. नानांनी तरी टेप तपासायला मागून घेतली.

त्या साच्यात तिनं पांढऱ्या प्लास्टरचं डोकं ओतलं, डोक्यावर मेणाचा सेनापती चढवला आणि कवळीच्याच ॲक्रिलिकमध्ये तो उतरवला. डॉक्टर जेवायला गेले की दवाखान्याच्या मोटरवर त्याला घासायचं. चार प्रकारचे कागद, सात हात रंग. डोळ्यांनी तर तीन आठवडे घेतले. पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा उजेड बाहेर कमी आणि आतच जास्त पडला. घालणाऱ्याला काजवे दिसायची वेळ. मग दिव्यांमागे काळं जाड कापड लावलं, पुढे मोटारीच्या मागच्या दिव्याची लाल काच घासून बसवली आणि बघायला डोळ्यांखाली दोन बारीक फटी ठेवल्या. कानाजवळचं बटण दाबलं की डोळे भसकन पेटत नसत. आधी राखेतला निखारा, मग कुणी फुंकर घातल्यासारखे हळूहळू लाल. असं करा म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता हे सगळं भाऊजींच्या जबड्यावर येऊन अडलं होतं.

"नाना, तुम्ही घाला बघू," ती म्हणाली.

नानांनी घातलं. ते त्यांच्याही हनुवटीवर अडलं आणि सेनापतीचे डोळे नानांच्या कपाळावर येऊन थांबले. ज्याच्यावरून केलं त्यालाच होईना. ती आतल्या खोलीत गेली, खाटेखालून प्लास्टरचं डोकं काढून घेऊन आली आणि टेबलावर ठेवून तिनं ते खिडकीकडे वळवलं. गाल आत गेलेले. ओठ दुमडलेले. नाकाचा शेंडा हनुवटीची चौकशी करायला खाली आलेला. असे चेहरे ती रोज सहा-सात पाहत असे, म्हणूनच अडीच महिने तिला तो दिसला नव्हता.

"नाना, त्या दिवशी तुमचे दात कुठे होते?"

नानांनी आठवून पाहिलं. "तू वाडग्यात प्लास्टर कालवायला घेतलंस. मी दात काढले."

"मी सांगितलं होतं काढायला?"

"सांगायला कशाला हवं? तू वाडगं घेतलंस की मी दात काढतो. आजचं आहे का ते?"

"आणि मी काय केलं?"

"पाण्यात ठेवलेस. नेहमीसारखे."

भाऊजी फ्रीजपासून उठले. "म्हणजे आमचा सेनापती बोळका आहे?"

प्लास्टरचं डोकं ओठ मिटून खिडकीबाहेर पाहत होतं.

"जबडा कापू," भाऊजी म्हणाले. "करवतीनं. मधे दोन बोटांची पट्टी टाकू, वरून रंग मारू. लांबून काही कळणार नाही."

लांबून कळणार नाही, हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत स्वतःला एकदाही म्हणू दिलं नव्हतं. तिनं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याच्या जबड्यावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा.

"कापायचं नाही."

"मग घालणार कोण?"

तिनं मांडणीवरून एक वाटी घेतली, नळाखाली अर्धी भरली आणि नानांसमोर धरली. नानांनी वाटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि दात काढून वाटीत ठेवले.

यावेळी हेल्मेट एका दमात खाली गेलं. चांगली कवळी हिरडीवर बसताना होतो तेवढाच आवाज झाला. तिनं कानाजवळचं बटण दाबलं. खिडकीतून भरपूर ऊन येत असूनही खोलीतला उजेड थोडा कमी झाल्यासारखा वाटला. निखारा जागा झाला, लाल होत गेला. भाऊजी नकळत एक पाऊल मागे सरकले. वडिलांसमोर मागे सरकायची त्यांची सवय सुटून पंचवीस वर्षं झाली होती.

आतून आवाज आला. खोल, ओलसर, लोखंडी टाकीत कुणीतरी पाणी ढवळावं तसा.

"काय म्हणाले?" भाऊजींनी विचारलं.

"मंचाला पायऱ्या किती, विचारतायत."

"तुम्हाला हे कळलं?"

"दिवसभर हेच ऐकते मी."

भाऊजी पुन्हा खाली बसले. "वहिनी, सेनापती सहा फुटी आहे. नाना पाच फूट चार इंच."

टाकीतलं पाणी पुन्हा ढवळलं.

"पाच इंच म्हणतायत," ती म्हणाली.

अध्यक्षांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी शिवलेला काळा झगा आणून तिच्यासमोर टाकला. तो खालून वीतभर दुमडून टाके घालून ठेवलेला होता. टाके त्यांनी स्वतःच घातले असावेत. दोन एकसारखे नव्हते.

स्पर्धेला अकरा सेनापती जमले होते. त्यातले चार पुठ्ठ्याचे होते. एक मुळात बादली होता आणि ते त्याला विसरता येत नव्हतं. एकाचे डोळे वळणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखे लुकलुकत होते, त्यामुळे तो डावीकडे जाणार असं सगळ्यांना वाटत राहिलं. प्रत्येक जण छाती काढून यायचा, पाय आपटायचा आणि सिनेमातल्यासारखं "शरण या" असं ओरडून जायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायचे.

नाना नववे.

त्या फटींतून त्यांना समोरचं दिसत होतं, स्वतःचे पाय दिसत नव्हते. म्हणून प्रत्येक पाऊल आधी पुढे जाऊन फळी चाचपायचं, मग त्यावर भार यायचा, मग गुडघा होकार द्यायचा, आणि मगच दुसरं पाऊल निघायचं. विंगेतून बघताना तिचा जीव खालीवर होत होता. सभागृहाला मात्र वाटलं, हा पहिला सेनापती ज्याला कसलीच घाई नाही. मंचाच्या मध्यावर येऊन नाना थांबले. काटा थांबावा तसे. जरासुद्धा हलले नाहीत. कुणीतरी खोकलं आणि मधेच गप्प झालं.

मग त्यांनी हात कानाकडे नेला.

निखारा जागा झाला, तेव्हा वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले. लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरचं मूल छातीशी घेतलं. "ते बघ," कुणीतरी म्हणालं, आणि बोटं वर झाली. दहा, वीस. ती विंगेत उभी राहून बोटं मोजत होती. मग तिनं मोजणं सोडून दिलं. त्यातलं एकही बोट तक्रारीचं नव्हतं.

परीक्षक नाटकांचं नेपथ्य करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माइक ओढून घेतला. "सेनापती, दोन शब्द?"

भाऊजींनी चार दिवस घोटून घेतलेले दोनच शब्द होते. नाना त्याहून बरंच जास्त बोलले. माइकमधून, हेल्मेटमधून, दातांशिवाय आलेला तो आवाज छताखाली घुमला आणि लोकांच्या अंगावर काटा आला. अक्षर एकही कळत नव्हतं. एखादा डोंगर कूस बदलत असावा असं वाटत होतं. चारशे माणसांच्या त्या सभागृहात तो शब्द न शब्द कळणारं एकच माणूस होतं.

"हे माझ्या सुनेनं केलंय," सेनापती म्हणत होता. "माझे दातसुद्धा तिनंच केलेत. बावीस वर्षं जेवतोय त्यांच्यावर. कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी बोललो नाही. आता जरा नीट बघा."

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पडद्याची दोरी तिनं बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

"काय म्हणाले?" भाऊजींनी तिच्या कानाशी येऊन विचारलं.

तिनं दोरी सोडवायला घेतली. "शरण या, म्हणाले."

"एवढं लांब?"

"जरा सविस्तर म्हणाले."

पहिला नंबर जाहीर करायला परीक्षकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. नंतर ते मंचामागे आले, हेल्मेट मागून घेतलं, उलटं केलं आणि जिथे कुणी कधी बघत नाही त्या आतल्या काठावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"हे हातचं वाटत नाही," ते म्हणाले.

"हातचंच आहे."

"कुणाच्या?"

तिनं हात पुढे केले. नखांच्या कडांना प्लास्टर होतं. ते वर्षानुवर्षं निघालं नव्हतं. परीक्षकांनी ते हात बराच वेळ पाहिले, चष्मा वर करून पाहिले, आणि मग हेल्मेट तिला दोन्ही हातांनी परत दिलं.

बाहेर रांग लागली होती. नाना पुन्हा सेनापती होऊन खुर्चीत बसले आणि लोक दोघे-दोघे, चौघे-चौघे त्यांच्या शेजारी उभे राहू लागले. ती सगळ्यात जवळ होती.

"ताई, जरा आमचा काढता का? आणि थोड्या इकडे सरका, तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

ती सरकली. तिनं मोबाइल घेतला. "डोळे लाल होईपर्यंत थांबा," ती म्हणाली. सगळे थांबले. नंतरच्यांनाही तिनं तेच सांगितलं, आणि तेही थांबले.

सहा वाजता सभागृह रिकामं करायचं होतं. तोवर तिनं त्रेसष्ट फोटो काढले. त्यातले चार हलले.