खोडलेलं वाक्य

“ताई, तो गच्चीतला लाव. बाळ झाडांना पाणी घालतो तो.”

बाबांनी केस विंचरले होते. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसण्याआधी ते केस विंचरत, शर्टाचं वरचं बटण लावत. जणू बाळ पलीकडून त्यांनाही बघणार होता. ताईने औषधांची पट्टी खाली ठेवली आणि फोनवरच्या एका चिन्हावर बोट टेकवलं. तिच्या फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटला. मग तिने व्हिडिओ लावला. पडद्यावर हातभर उंचीचा बाळ पाइप घेऊन कुंड्यांमधून फिरू लागला.

“बघ, थोडा वाळलाय,” बाबा म्हणाले.

“कालही हाच व्हिडिओ होता, बाबा. एका दिवसात कसा वाळेल?”

बाबा डोळे बारीक करून बघत राहिले.

बाळ चाळिशीला आला होता. परदेशात नोकरी, दोन मुलं. टीव्हीच्या मागे खोचायची ती काळी डबी गेल्या वर्षी त्यानेच पाठवली. डबी बसवली ताईने, वायफाय जोडलं ताईने, पासवर्ड तीनदा चुकला तेव्हा डोकंही तिनेच खाजवलं. पण शेजारीण येवो की व्यायाम करून घेणारा डॉक्टर येवो, बाबांचं पालुपद एकच, “आमच्या बाळाने पाठवली.”

ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तो जन्मला त्या दिवशी ती ताई झाली आणि हळूहळू आईबाबाही तिला ताईच म्हणू लागले. तिचं नाव आता फक्त लॅबच्या ओळखपत्रावर उरलं होतं. सकाळी सहापासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे तिचं काम. ज्यांची शीर लवकर सापडत नाही अशा म्हाताऱ्यांकडे लॅब मुद्दाम तिलाच धाडायची. अकराला घरी आली की तिचा दुसरा म्हातारा वाट बघत असायचा. दोन वर्षांपूर्वी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आंघोळ, व्यायाम, पाय चोळणं, सगळं तिच्याकडे. आई तर त्याआधीच गेली होती.

गेल्या महिन्यात एकदा तिने खोटं सांगितलं होतं. “आज नेट नाही, बाबा.” नेट होतं. बाबा विंचरलेल्या केसांनिशी काळ्या टीव्हीसमोर तासभर बसून राहिले. पहिली दहा मिनिटं तिला बरं वाटलं. नंतर स्वतःचीच इतकी किळस आली की ती दार लोटून कपड्यांच्या घड्या करत बसली. पण नेट आल्याचं काही तिने सांगितलं नाही.

आज गच्चीतला व्हिडिओ दोनदा झाला, मुलांच्या सायकलींचा एकदा झाला. बाबांची मान कलंडली. डोळे मिटलेले बघून ताई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. लॅबमधल्या मैत्रिणीचा मेसेज आला होता, काय चाललंय म्हणून. ओट्याला टेकून ती लिहू लागली.

“आज पण तेच. त्याने एक डबी पाठवली तर तो देव. मी दोन वर्ष यांचा पाय चोळतेय, मी कोण? उद्या मी मेले तर म्हातारा एवढंच विचारेल, आता टीव्ही कोण लावणार?”

लिहून झाल्यावर तिने ते वाचलं. लाज वाटली. एकेक अक्षर मागे मागे खोडत तिने सगळं पुसून टाकलं आणि लिहिलं, “बरं चाललंय. उद्या भेटू.” तो मेसेज पाठवला. चहा गाळला आणि एका हातात फोन, दुसऱ्यात कप घेऊन ती बाहेर आली.

बाबा जागे होते. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत झळकत होतं : बरं चाललंय. उद्या भेटू.

फोन टीव्हीपासून तोडायचाच राहिला होता. तिच्या कपातला चहा बशीत सांडला.

“अक्षर मोठं होतं,” बाबा म्हणाले. “चष्म्याशिवाय वाचता आलं.”

“कुठपासून वाचलंत?”

“आज पण तेच, इथपासून.”

बाबांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. समोर मजकूर आला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांचे डोळे हटत नसत.

“‘दोन वर्ष’मध्ये ‘ष’वर अनुस्वार हवा,” ते म्हणाले. “बाकी काही चूक नव्हती. उगाच खोडलंस.”

“बाबा, मी रागाच्या भरात…”

“पाठवलंस ते खोटं होतं. खोडलंस ते खरं होतं.”

तिने कप त्यांच्या शेजारी ठेवला, फोन टेबलावर. आता बोलायचं नाही असं ठरवूनही तिच्या तोंडून निघून गेलं, “मग सांगा ना. मी दिसते का तुम्हाला?”

बाबांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

“बाळाचं काय चाललंय ते कळत नाही गं मला. म्हणून बघतो. त्याच्या मागे बघतो, खोली केवढी आहे, खिडकीला पडदा आहे का, घरात कोणी मोठ्याने बोलतंय का. तुझं काय बघायचं? तुझं सगळं माहीतच आहे.”

हे तिला ‘आमच्या बाळाने पाठवली’पेक्षाही जास्त लागलं.

“काय माहीत आहे? आज सकाळी किती घरं झाली माझी?”

बाबा खरोखर आठवायचा प्रयत्न करत असावेत, कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी मान हलवली.

“नाही माहीत.”

“अकरा.”

“अकरा,” ते म्हणाले. आणि मग, “सगळ्यांचं रक्त मिळालं?”

“एक आजी होत्या. त्यांची शीर काही केल्या सापडेना. दोन्ही हात पालथे घातले. मग त्याच म्हणाल्या, पोरी, आधी बस, पाणी पी, मग शोध…”

फोन थरथरला. टीव्हीभर बाळाचा फोटो आला, त्याच्याखाली हिरवं आणि लाल वर्तुळ. बाबांचा हात आपसूक केसांकडे गेला. ताईने ते पाहिलं आणि नेहमीची कळ नेहमीच्याच जागी उठली. ती फोन उचलायला वळली.

“थांब,” बाबा म्हणाले. त्यांची नजर टीव्हीवरच होती, ती काढून घ्यायला त्यांना थोडे कष्ट पडले. “मग? सापडली का त्या आजींची?”

फोन वाजत होता.

“मनगटाच्या मागे,” ताई म्हणाली. “अगदी बारीक, निळी. बोटाला लागली तेव्हा माझाच विश्वास बसेना. आजी म्हणाल्या, तुझं बोट गरम आहे गं.”

बाबांनी मान डोलावली. टीव्हीवरचा फोटो नाहीसा झाला आणि पुन्हा मोठी अक्षरं आली, बरं चाललंय, उद्या भेटू. थोड्या वेळाने बाळाचा फोन परत आला. तो उचलायच्या आधी ताईने स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसली.