पहिल्या पानावरच्या पंचवीस नोंदी

ही गोष्ट २०१४ सालची. एका सोशल नेटवर्कने तीस एप्रिलला कायमचं कुलूप लावणार असल्याचं जाहीर केलं, आणि सासूबाईंनी जेवताना सुनेला विचारलं, आपल्या धाकट्या मुलाने तिथे लिहिलेलं सगळं कागदावर मिळेल का. धाकटा जाऊन वर्ष झालं होतं. सहा वर्षं तो रोज काहीबाही लिहायचा: सहली, मित्रांची खेचाखेची, आईच्या शिवणकामाची थट्टा. आजारपणात खात्याचा पासवर्ड त्याने वहिनीलाच, म्हणजे या सुनेलाच, देऊन ठेवला होता.

वहिनी प्रोग्रामर. आठवडाभर ऑफिसात क्लोजर नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत राबून दमलेली, तरी रविवारी बसून तिने दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. नेटवर्ककडे एक पान मागायचं, त्यातल्या पंचवीस नोंदी घ्यायच्या, तळाशी दिलेल्या पत्त्यावरून पुढचं पान, असं शेवटपर्यंत. कुठे एरर नाही. पहिल्या काही नोंदी पडद्यावर नीट उमटल्या. "आलं सगळं," तिने सांगून टाकलं, लॅपटॉप तसाच चालू ठेवला आणि छपाई पुढच्या रविवारवर ढकलली.

तीस तारीख मधल्या बुधवारी होऊन गेली. रविवारी छापायला घेतलं, तर पंचवीस नोंदींनंतर प्रोग्राम अडला. तिने ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तिच्याकडून त्या दहा ओळी वाचून घेतल्या. मग म्हणाले, अगं, क्लोजरमधली ही यादी आळशी. पुढचं पान कुणी वाचायला मागितलं तरच आणायला उठते. तू पहिलंच पाहिलंस, तिने पहिलंच आणलं. दुसऱ्यासाठी ती आज निघाली, तर दार बंद.

नेटवर्क नवं आधी देत असे. हाती राहिल्या त्या शेवटच्या नोंदी, हॉस्पिटलातल्या.

नवरा म्हणाला, सांगू नकोस. तिने चार कागद सासूबाईंपुढे ठेवले आणि सांगितलं.

त्यांनी चारही सावकाश वाचले. "हे दिवस मी त्याच्या उशाशीच काढले गं. मला त्याआधीचा हवा होता."

"माझी चूक झाली, आई."

"झाली खरी. आता जेवून घे, तोंड बघ कसं उतरलंय."

सासूबाई आणखी सात वर्षं जगल्या. धाकट्याच्या मित्रांना फोन करकरून त्या जुन्या गमती विचारत. एक-दोघे पुढे फोन घेईनासे झाले. मास्तर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. नवऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही. सून अजून क्लोजरमध्येच काम करते. यादी केवढीही असो, शेवटापर्यंत ओढून फाइलमध्ये उतरवल्याशिवाय ती "आलं" म्हणत नाही. नवी पोरं हसतात. ती हसू देते.