भाऱ्यासकट उंची

"अगं बाई, वाक, वाक! मान मोडेल!"

धाकटी ओरडेपर्यंत थोरलीच्या डोक्यावरचा वैरणीचा भारा बोगद्याच्या छतासाठी ठोकलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांना थडकला होता. थोरली पुढे, भारा मागे आणि चुंबळ चिखलात!

दोघी सख्ख्या जावा. घर अलीकडे, रान पलीकडे आणि मधून निघालेला टोलचा एक्सप्रेस रस्ता. देशभर म्हणे असल्या रस्त्यांचं जाळं विणायचं होतं; त्यातला एक धागा नेमका यांच्या बांधावरून गेला. मातीचा भराव ताडमाड चढला. रानात जायला खालून बोगदा ठेवला होता खरा, पण असा बुटका की शेळीनंही शिंगं सांभाळावीत. उद्या त्यावर स्लॅब पडणार होता. एकदा पडला की संपलं. जन्मभर वाकून जा, नाहीतर दोन कोसांचा वळसा घाला.

थोरली चिखलाच्या पायांनी तरातरा रस्त्याच्या कामावरच्या साहेबाकडे गेली. साहेब नकाशा पसरून बसला होता.

"मावशी, साडेपाच फूट उंची आहे. माणूस आरामात जातो."

"माणूस जाईल हो. भारा कुठनं जाईल? विमानानं?"

"थोडं वाकायचं."

"मग तुम्हीच वाकून दाखवा की. आम्ही अडाणी बाया, शिकू तुमचं बघून."

गवंडी, सळ्या बांधणारे, रोलरवाला, सगळे हातचं काम टाकून गोळा झाले. साहेबालाही चेव चढला. त्यानं टोपी काढली, चुंबळ ठेवली, दोघींनी भारा चढवला. साहेब कणसासारखा झुलत बोगद्यात शिरला. वाकला तर भारा पुढे घसरला, सावरायला गेला तर मागे अडकला. आतून आवाज आला, "मावशी, आता काय करू?"

"नकाशात बघा!" धाकटी म्हणाली.

रोलरवाला हसून हसून खालीच बसला. थोरलीच्याही हसून हसून डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण आत धाकधूक होतीच. साहेब बिथरला तर?

साहेब रांगत बाहेर आला. केसांत पाचोळा, कानात वैरण. सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि मग तोच खो खो हसत सुटला.

"मावशी, घ्या भारा. राहा ताठ उभ्या." त्यानं शेजारी बांबू धरला आणि भाऱ्याच्या वर चांगली हातभर जागा सोडून खडूनं रेघ मारली. "उतरवा रे सेंट्रिंग! वरच्यांची बोलणी मी खातो."

बोलणी त्यानं पोटभर खाल्ली, पण बोगदा वाढला.

रस्ता सुरू झाला त्या दिवशी दोघी भारे घेऊन निघाल्या. वरून गाड्या सुसाट. मधोमध थोरली थांबली आणि काय मनात आलं कोण जाणे, जोरात ओरडली, "ओऽऽ!" बोगदाही "ओऽऽ" म्हणाला. धाकटीला कुठलं राहवतंय! पन्नाशीच्या दोघी बाया पोरींसारख्या केकाटत सुटल्या.

धाकटीचा नवरा रानातून धापा टाकत आला. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाय पडलं!" थोरली हसत म्हणाली. "ताठ उभ्या आहोत!"