पिवळ्या धोब्याचा साक्षीदार

हिवाळ्याची पहिली चाहूल फक्त तपस्व्यालाच लागते. मी नऊ दिवस पहाटे तळ्याकाठी तप केलं आणि मला सर्दी झाली.

आमच्या पक्षिमंडळाचा नियम असा, की मोसमातला पहिला पिवळा धोबी दोघांनी पाहिला, तरच पाहणाऱ्याचं नाव फळ्यावर लागतं. दरवर्षी तिथे पोस्टमास्तरच झळकतात. म्हणून दहाव्या दिवशी बायकोला साक्षीला नेलं. ती विणत बसली.

शेपटी नाचवत धोबी समोर उतरला. "अगं, बघ..." म्हणतोय तोच मला शिंक आली. तिने मान वर करेपर्यंत पक्षी पसार.

"दिसला ना?"

"तुमची शिंक दिसली."

"साक्षीची सही तरी कर!"

"खोटी? बापजन्मात केली नाही. आणि अहो, दचकून माझी सुई गवतात पडलीय. जरा त्या दुर्बिणीतून शोधून द्या."