खोडलेले आकडे

शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारा बिस्विक उतारवयात अक्षरं शिकला होता. तेव्हापासून दिसेल ते वाचायचा त्याला नादच लागला होता. सकाळच्या तुकडीची रसायनाची परीक्षा संपल्यावर एका टेबलावर राहिलेला कच्चा कागद त्याने वाचून काढला. आम्लाचं लांबलचक नाव लागेना, ते त्याने सोडून दिलं. आम्ल आणि कॉस्टिक सोडा, मग बाण, मग मीठ आणि पाणी. आकडा कुठेच नाही.

त्याची लेक एलुबी दुपारच्या तुकडीत होती. विज्ञानाच्या वर्गात एकच जागा उरली होती आणि ती याच परीक्षेवर मिळणार होती. त्याने तिला नळापाशी गाठलं.

“मीठ आणि पाणी. पुढे आकडे लावत बसू नकोस. मी डोळ्यांनी वाचलंय.”

“बाबा, मला येतं ते.”

“येतं तर येतं! बापाचं ऐकलंस म्हणून काय अंगाला भोकं पडतात?”

दुसऱ्या दिवशी रसायनाच्या मुन्थाली मॅडमनी एलुबीला प्रयोगशाळेत बोलावलं. बिस्विक तिथेच बाटल्या पुसत होता.

“काल दुपारच्या तुकडीला मी मुद्दाम दुसरं आम्ल दिलं होतं. गंधकाचं,” मॅडम म्हणाल्या. “त्याला सोडा दुप्पट लागतो, पाणीही दुप्पट होतं. तू दोन्हीकडे बरोबर दोन लिहिलेस. आणि खोडलेस! कोणी सांगितलं होतं?”

बिस्विकच्या कानांतून वाफा निघाल्या. बोलावं, तर पोरीवर कॉपीचा शिक्का बसून शाळेतूनच नाव कटणार.

एलुबीने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. “कोणी नाही, मॅडम. मलाच शंका आली.”

“स्वतःवर इतकाही भरवसा नाही? मग ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल.”

बिस्विक कोरडी झालेली बाटली पुसतच राहिला.

रात्री मक्याच्या पिठाचा न्सिमा वाढताना बायको एलुबीवर करवादली, “अगं, अडलं होतं तर बापाला विचारायचंस! दिवसभर त्याच खोलीत असतो ना तो? पण नाही, बाईसाहेबांना कमीपणा वाटतो!”

एलुबीने सुक्या मासळीचं भांडं बापाकडे सरकवलं.

“घ्या ना, बाबा.”

बिस्विकने न्सिमाचा घास हातात वळला, पुन्हा वळला. तो तोंडाकडे नेण्यासाठी मान वर करावी लागली असती.