लांबत जाणारं बाक

मालनबाई काशीदांनी न समजता मान डोलावली की वर्गातलं बाक हातभर लांब होई. बार्शीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरणाऱ्या त्या इंग्रजीच्या वर्गात याचं कुणाला नवल नव्हतं. भिंत मागे सरकून बाकाला जागा करून देई, कुलथेसर तेवढ्यात फळा पुसून घेत आणि धडा पुढे चाले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला नसीम बसे. दोघींनी एकमेकींशी इंग्रजीतच बोलायचं, अडलं तर विचारायचं, मराठी शब्द काढायचा नाही, असा सरांचा नियम. अडल्यावर काय म्हणायचं तेही त्यांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं: 'से अगेन प्लीज.' मालनबाईंना ते झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. पण सासरी, बँकेत, डॉक्टरपुढे जन्मभर मान डोलावूनच निभावून नेलेल्या बाईच्या तोंडून ते निघतंय कसलं! आपण अडाणी ठरू, ही भीती त्यांच्या हाडीमासी खिळली होती.

आणि इंग्रजी तर हवंच होतं. टोरांटोत वाढणाऱ्या नातीला, रेवाला, मराठी येत नव्हतं. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं काहीतरी विचारलं, मालनबाईंनी हसून मान डोलावली आणि पोर रडत उठून गेली. तिनं काय विचारलं होतं, ते मुलानंही सांगितलं नाही. तेव्हापासून मालनबाईंच्या जिवाला घोर लागला होता.

"आज नसीम तुमची नात," सर म्हणाले.

नसीम बोलू लागली. मालनबाईंना अर्धंमुर्धं कळलं, मान डोलली, बाक लांबलं. ती बोलत राहिली, मान डोलत राहिली, बाक लांबत राहिलं. आता ती लहान पोरीएवढी दिसत होती आणि आवाजही तसाच कोवळा येत होता. मालनबाई घाबरल्या.

"नसीम, जवळ ये गं," त्या न राहवून म्हणाल्या.

"मराठी नाही," सर म्हणाले. तेही आता फार लांब होते. मालनबाईंचं वाक्य बाकाच्या मध्यावर जाऊन थांबलं आणि तिथंच पडून राहिलं.

पलीकडची पोर मोबाइलच्या पडद्यात मावेल एवढी उरली. तिच्या कपाळावर रेवाची बट होती. तिचे ओठ हलले, आणि मालनबाईंची मान सवयीनं डोललीसुद्धा. प्रश्न मागाहून आला. एवढ्या लांबून येता येता तो मराठी झाला होता.

"आजी, मी तुला फोन करणं बंद करू का?"

पोर डोळे पुसत उठू लागली. मालनबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी घट्ट धरली आणि जन्मात पहिल्यांदा समोरच्याला अडवून म्हणाल्या, "से अगेन प्लीज."

शब्द बाकावरून निघाले. त्यांच्या पुढे, मघाच्या मानेनं, बाक अजून लांबत होतं.