दहा किलो आणि एक काळा दोरा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, झोळीचा! घड्याळासारखी गोल तबकडी, खाली हूक, हुकाला कापडी झोळी. कारखान्यात तपासून माझ्यावर शिक्का मारला, तेव्हापासून माझी मान ताठ. मी कधी खोटं सांगत नाही, हा माझा तोरा!

पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणाऱ्या निशा मॅडम कुपोषणावर संशोधन करतात. त्या मला डोंगराकडच्या एका आदिवासी वाडीवर न्यायच्या, आंब्याच्या फांदीला टांगायच्या, पोरांची वजनं लिहायच्या आणि कागद घेऊन परत पनवेलला. त्या आकड्यांचं पुढे काय होतं? मला भारी उत्सुकता! पण मला कोण सांगणार? आणि खरं सांगू, वाडीलाही कोणी सांगत नव्हतं.

दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला गेलेली वाडीतली माणसं यंदा परतल्यावर आम्ही पुन्हा गेलो. गोदाने आपली दोन वर्षांची दिपा झोळीत बसवली. मी दाखवलं, दहा किलो.

"छान! वयाच्या मानाने ठीक आहे," मॅडम म्हणाल्या.

"ठीक नाय," गोदा म्हणाली. "पोर उतरलीय माजी."

"अहो, काटा बरोबर आहे."

"आसंल. पन ह्यो करगोटा बगा. भट्टीवर गेलो तवा कमरेला नीट बसत हुता. आता खाली घसरतोय. दोनदा गाठ आवळली मी."

अस्सा राग आला मला! कमरेचा काळा दोरा माझ्याशी बरोबरी करणार?

पण गोदा कसली ऐकतेय! "दिवाळीच्या आदी तुमी वजन केलं हुतं. तवा किती हुतं?"

मॅडमनी हातातले कागद चाळले. तो कागद ऑफिसात पडलेला. त्यांनी फोन लावला, तिथल्या शार्दूलने शोधून सांगितलं, साडेदहा. वाढायच्या वयात पोरगी अर्धा किलो घटली होती! मी खरं बोललो होतो, पण अर्धंच.

"चुकलं माझं, गोदाताई," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी दिपाला दवाखान्यात घेऊन गेल्या. छातीचा आजार निघाला. औषध वेळेवर सुरू झालं. आता ती झोळीत बसली की मला लाथा मारते, गुलाम कुठली!

मग वाडीतल्या बायकांनी मॅडमना बसवून घेतलं. "आमी नुसती पोरं आनून देनार नाय. काय शोदायचं ते बी आमी ठरवनार," गोदाने बजावलं. मॅडमनी लगेच मान्य केलं नाही हं. "पद्धत बदलावी लागेल," म्हणत दोन बैठका घेतल्या. अखेर ठरलं. भट्टीवर जाऊनही वजन करायचं, करगोट्याची गाठ आयांनी बघायची, दोन्ही नोंदींची वही वाडीतच राहायची. अहवालावर निशा मॅडमच्या शेजारी गोदाचं नाव आलं. माझं नाही आलं. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, माझ्या हुकाला गंज चढू देऊ नका, मला आपटू नका. पण माझ्यावर आकडा दिसला, की कागदावर उतरवण्याआधी तो आईला सांगा, आणि ती काय म्हणते तेही लिहा. मी लेकराला घटकाभर उचलतो. ती त्याला रोज उचलते.